हार्डवेअर रेडवर एक्सएफएस: माउंटचे पर्याय चाळण्याआधी खाली काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. ७२०० आरपीएमच्या, प्रत्येकी ८ टीबीच्या १२ डिस्क, त्यांची हार्डवेअर कार्डवर रेड ६ (अनेक डिस्क मिळून एकच मोठी डिस्क, त्यातल्या दोन गेल्या तरी डेटा टिकतो अशी रचना), कार्डाला २ जीबी कॅश आणि बॅटरी, स्ट्रिप (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) २५६ केबी, सर्व्हरची रॅम ६४ जीबी. त्यावर एकच भलीमोठी एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टीम). तिच्यात व्हिडिओच्या मोठ्या फाइली आहेत, त्यांची लाखो थंबनेल्स आहेत आणि पोस्टग्रेसचा डेटाबेसही तिथेच आहे. मोठ्या फाइली झपाझप लिहिल्या जातात. पण थंबनेल्स बनायला लागली की सगळा सर्व्हर ताटकळतो, साधं लॉगिन व्हायलाही वेळ लागतो. तुम्ही नोएटाइम, नोबॅरियर, लॉगबफ्स, लॉगबीसाइझ, आयनोड६४ अशी माउंटच्या (फाइल सिस्टीम वापरात आणण्याच्या) पर्यायांची यादी दिली आहे आणि यातलं काय लावू, शिवाय एसयू (स्ट्रिपचं माप) आणि एसडब्ल्यू (डेटाच्या डिस्कची संख्या) किती ठेवू, असं विचारलं आहे.

एसयू २५६के आणि एसडब्ल्यू १०. यादीतलं जवळपास काहीच लावू नका. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, पण त्याने तुमचा सर्व्हर ताटकळायचा थांबणार नाही. कारण दुखणं तिथे नाही.

आधी डिस्कच्या अंगात किती बळ आहे ते मोजू. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. त्यात हेड हलवायचे साधारण ८ मिलिसेकंद धरा. एका विखुरलेल्या कामाला १२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ८० च्या आसपास कामं. अशा १२ डिस्क मिळून साडेनऊशे. आता रेड ६ वर एक छोटा तुकडा बदलायचा तर कंट्रोलरला (म्हणजे कार्डाला) जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवायच्या नोंदी) वाचाव्या लागतात, मग नवा डेटा आणि दोन्ही नव्या पॅरिटी लिहाव्या लागतात. एका लिखाणामागे डिस्कवर सहा कामं. साडेनऊशे भागिले सहा, म्हणजे तुमच्या सगळ्या डिस्क मिळून सेकंदाला जेमतेम १६० छोटी विखुरलेली लिखाणं पचवतात. त्याच डिस्कची रेड १० (प्रत्येक डिस्कची जुळी प्रत) केली असती तर एका लिखाणामागे दोनच कामं, म्हणजे ४८० च्या घरात. हा आकडा कुठल्याही माउंट पर्यायाने वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मोठी फाइल सलग लिहिताना हे संकट येत नाही. कंट्रोलरच्या कॅशमध्ये अख्खी स्ट्राइप (सगळ्या डिस्कवरच्या स्ट्रिप मिळून होणारी एक ओळ) जमा होते, पॅरिटी तिथल्या तिथे काढली जाते आणि जुनं काही न वाचता बाराही डिस्कवर एकदम लिखाण होतं. तुमचे व्हिडिओ झपाझप का जातात आणि थंबनेल्स का रडवतात, त्याचं कारण हे. त्यामुळे ट्यूनिंगचा खरा अर्थ दोनच गोष्टी उरतो: छोटी लिखाणं शक्य तितकी एकत्र होऊन खाली जावीत, आणि जी होणार नाहीत ती या डिस्कवर येऊच नयेत.

पहिली जागा म्हणजे कंट्रोलरची कॅश. फाइल सिस्टीमकडे वळण्याआधी मी नेहमी कार्डाच्या व्यवस्थापन प्रोग्रॅममध्ये जाऊन लिखाणाची सध्याची पद्धत बघतो. ठरवलेली पद्धत वेगळी आणि सध्या चालू असलेली वेगळी असू शकते, आणि प्रोग्रॅम दोन्ही दाखवतो. राइट-बॅक असेल तर कॅशमध्ये पोचलं की काम झालं असं कळवलं जातं. राइट-थ्रू असेल तर डिस्कवर जाईपर्यंत थांबावं लागतं. बॅटरी म्हातारी झाली, निघाली, किंवा स्वतःची क्षमता तपासण्याच्या फेरीत असली की बहुतेक कार्डं आपसूक राइट-थ्रूवर जातात, फार गाजावाजा न करता. 'काल ठीक होतं, आज अचानक मंद झालं' अशा तक्रारींत मी सगळ्यात आधी बॅटरीच बघतो. काही कार्डांवर बॅटरी असो-नसो, राइट-बॅकच ठेव, असा पर्याय असतो. तो लावू नका. वीज गेली की कॅशमधला डेटा गेला, आणि फाइल सिस्टीमला तो लिहिला गेल्याचं आधीच सांगून झालेलं असतं. पॅरिटी रेडवर असं झालं तर एखादी फाइल नव्हे, अख्खी फाइल सिस्टीम पडण्याची वेळ येते.

त्याच बैठकीत डिस्कच्या स्वतःच्या कॅशकडेही बघा. कार्डाची बॅटरी कार्डाची कॅश जपते, डिस्कमधली नाही. म्हणून राइट-बॅक चालू असताना डिस्कवरची कॅश बंद हवी. वेग थोडा कमी होईल असं वाटतं, पण कार्डाची कॅश मध्ये असल्यामुळे फरक सहसा जाणवत नाही.

आता भूमिती. एक्सएफएसला दोन गोष्टी कळायला हव्यात: एका डिस्कवर सलग किती डेटा जातो आणि अशा किती डिस्कवर डेटा पसरतो. दुसऱ्या आकड्यात पॅरिटी मोजायची नाही. तुमच्या १२ डिस्कच्या रेड ६ मध्ये डेटाच्या डिस्क १०. रेड ५ असती तर ११, रेड १० असती तर ६, आणि सहा-सहाच्या दोन गटांची रेड ६० असती तर ८. पुष्कळ जण इथे १२ टाकून मोकळे होतात. पहिल्या आकड्यातही एक खड्डा आहे: काही कार्डांच्या पडद्यावर 'स्ट्राइप साइझ' म्हणून जे दिसतं ते प्रत्यक्षात एका डिस्कवरच्या तुकड्याचं माप असतं, तर काही ठिकाणी तेच शब्द पूर्ण रुंदीसाठी वापरलेले असतात. २५६ केबी हे एका डिस्कचं माप आहे ना, हे तुमच्या कार्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. तसं असेल तर पूर्ण स्ट्राइप २५६ गुणिले १०, म्हणजे २५६० केबी.

हेच दोन आकडे तीन ठिकाणी तीन मापांत लिहिले जातात आणि सगळा गोंधळ तिथे होतो. फॉरमॅट करताना एसयूमध्ये २५६के आणि एसडब्ल्यूमध्ये १० लिहायचं. इथे एसडब्ल्यू म्हणजे डिस्कची संख्या. माउंट करताना हेच सयुनिट आणि स्विड्थ या नावांनी द्यायचे तर माप ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतं, म्हणजे ५१२ आणि ५१२०. आणि एक्सएफएस-इन्फो चालवलीत तर ती ४ केबीच्या ब्लॉकमध्ये दाखवते: ६४ आणि ६४०. तिन्हींचा अर्थ एकच. पडद्यावर ६४ दिसलं म्हणून स्ट्रिप ६४ केबी आहे असं समजून 'दुरुस्ती' करू नका. ईएक्सटी४ ही दुसरी फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांसाठी: तिथे स्ट्राइड ६४ आणि स्ट्राइप-विड्थ ६४०, दोन्ही ब्लॉकमध्ये, आणि ट्यून२एफएसने ते नंतरही बदलता येतात.

पार्टिशनची सुरुवात हा याचाच भाग. आजची साधनं पार्टिशन १ एमबीवर सुरू करतात. पूर्वीसारखं ६३ व्या सेक्टरवर नाही, त्यामुळे प्रत्येक लिखाण दोन तुकड्यांवर सांडण्याचा जुना त्रास संपला आहे. पण १ एमबीला २५६ केबीने भाग जातो, २५६० केबीने जात नाही. म्हणजे तुमची फाइल सिस्टीम तुकड्याच्या सीमेवर सुरू होईल, पण पूर्ण स्ट्राइपच्या मधूनच. डेटाच्या डिस्क ८ आणि स्ट्रिप १२८ केबी असती तर पूर्ण स्ट्राइप बरोबर १ एमबी झाली असती आणि हा प्रश्नच आला नसता. तुम्ही एकतर पार्टिशन न करता थेट अख्ख्या डिव्हाइसवर फॉरमॅट करा (या डिस्कवरून बूट करायचं नसेल तर त्यात काही गैर नाही), किंवा पार्टिशन ५१२० व्या सेक्टरवर सुरू करा. मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर फिजिकल व्हॉल्यूम बनवताना डेटाची सुरुवात २५६० केबीवर ठेवता येते. मात्र एलव्हीएमचा एक्स्टेंट मुळात ४ एमबीचा असतो आणि तोही २५६० केबीच्या पटीत नाही. एकच सलग व्हॉल्यूम असेल तर हे चालून जातं. कापून-जोडून व्हॉल्यूम वाढवत गेलात की पुढचे तुकडे पुन्हा स्ट्राइपच्या मध्ये सुरू होतात.

हे सगळं बरोबर केल्याने किती फरक पडतो? कंट्रोलरची कॅश मोठी आणि निरोगी असेल तर सलग लिखाणात चुकीच्या भूमितीचं बरंच पाप ती पोटात घालते. सुरुवात थोडी हुकली तरी मधल्या सगळ्या स्ट्राइप ती पूर्ण जमवते. कॅश छोटी असेल किंवा एकाच वेळी अनेक जण लिहीत असतील तर फरक मोठा दिसतो. आणि थंबनेल्सना याचा उपयोग फारसा नाही. एक्सएफएस मोठ्या फाइलींची जागा तुकड्याच्या सीमेवर सुरू करते. २५६ केबीपेक्षा लहान फाइलींना ती तसं करत नाही, नाहीतर प्रत्येक २० केबीच्या चित्रामागे उरलेली जागा मोकळी सुटली असती. तरीही आकडे बरोबर द्यायला कष्ट नाहीत, आणि ते फॉरमॅटच्या वेळीच नीट देता येतात, म्हणून द्यावेत. काही कार्डं हे आकडे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) स्वतःच सांगतात. डिव्हाइसच्या क्यू फोल्डरमधली मिनिमम आयओ साइझ आणि ऑप्टिमल आयओ साइझ वाचा. तिथे २,६२,१४४ आणि २६,२१,४४० दिसले तर फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम ते आपोआप उचलेल. शून्य किंवा भलताच आकडा असेल तर हाताने द्या.

अलोकेशन ग्रुपची (एक्सएफएस आपली जागा ज्या भागांत वाटते त्यांची) संख्या मात्र हाताने देऊ नका. एका ग्रुपची कमाल मर्यादा १ टीबी आहे आणि तुमची वापरण्याजोगी जागा द्विमान पद्धतीने मोजली तर ७३ टीबीच्या थोडी आत भरते, म्हणजे ७३ च्या आसपास ग्रुप पडतीलच. जुन्या लेखांत ग्रुप वाढवायचा किंवा घटवायचा सल्ला असतो. फिरत्या डिस्कवर ग्रुप वाढवले की हेडची पळापळ वाढते, हाती काही लागत नाही. शिवाय ग्रुपचा आकार पूर्ण स्ट्राइपच्या पटीत आला तर सगळ्या ग्रुपची शीर्षकं एकाच डिस्कच्या वाट्याला येऊ शकतात. फॉरमॅटर हे ओळखून आकार थोडा सरकवतो. त्याला त्याचं काम करू द्या.

फारसं कुणी न सांगितलेली जागा म्हणजे एक्सएफएसचा लॉग (बदल आधी नोंदवून ठेवायची वही). एसयू २५६के दिलंत की लॉगचं एककही तेवढंच धरलं जातं, कारण लॉगसाठी कमाल मर्यादा २५६ केबी आहे. (एसयू त्याहून मोठं असतं तर फॉरमॅटरने तक्रार करून लॉगसाठी ३२ केबी घेतले असते.) आता एखादा प्रोग्रॅम प्रत्येक छोट्या फाइलीनंतर एफसिंक (आत्ताच डिस्कवर लिही, अशी मागणी) मागत असेल तर लॉगमध्ये जाणारी नोंद काहीशे बाइटची असली तरी ती २५६ केबीपर्यंत भरून लिहिली जाते. सेकंदाला दोनशे एफसिंक म्हणजे नुसत्या भरतीचे ५० एमबी. तुमचा थंबनेल बनवणारा प्रोग्रॅम एफसिंक करतो का ते एसट्रेसने (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) बघा. करत असेल तर पुन्हा फॉरमॅट करताना लॉगचं एसयू वेगळं, ३२के द्या. डेटाचं २५६केच राहू द्या. लॉग वेगळ्या एसएसडीवर ठेवायचीही सोय आहे आणि एफसिंकचा भार खूप असेल तर तिचा फायदा दिसतो. पण त्या एसएसडीची रेड १ हवीच. लॉगचं डिव्हाइस गेलं तर फाइल सिस्टीम नीट माउंट होत नाही, आणि लॉग पुसून दुरुस्ती करावी लागली तर शेवटचे बदल गमावता.

तुमची यादी आता पटकन उरकतो. आयनोड६४ कर्नल ३.७ पासून मूळचंच आहे. लॉगबफ्स ८ हेही मूळचंच. लॉगबीसाइझ २५६के लावायला हरकत नाही, एकदम खूप फाइली बनवता-पुसताना थोडा उपयोग होतो. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदणं) लावा वा नका लावू, कारण २.६.३० पासून रिलएटाइम (ती वेळ क्वचितच नोंदणं) आपोआप असतं आणि उरलेला फरक मोजायला बसलात तरी सापडणं कठीण. नोबॅरियर मात्र काढून टाका. एक्सएफएसमधून तो पर्याय ४.१९ मध्ये गेला आहे, नव्या कर्नलवर तो दिलात तर माउंटच होणार नाही. आणि त्याची गरजही नाही: बॅटरीवाली कॅश असलेलं नीट वागणारं कार्ड फ्लशची (कॅश डिस्कवर रिकामी करण्याची) मागणी आली की लगेच होकार देतं, किंवा आपल्याकडे जपायला लागेल अशी कॅशच नाही असं कर्नलला सांगतं. क्यू फोल्डरमधल्या राइट-कॅश फाइलीत 'राइट थ्रू' दिसलं तर कर्नल फ्लश पाठवतच नाही. (कार्ड राइट-बॅकवर असूनही इथे 'थ्रू' दिसतं हे पाहून दचकू नका. ते कार्डाचं कर्नलला दिलेलं आश्वासन आहे.) शेड्युलरमध्ये (डिस्ककडच्या मागण्यांचा क्रम ठरवणारा भाग) 'नन' किंवा 'एमक्यू-डेडलाइन' यांपैकी एक ठेवा. खालच्या १२ डिस्कची रचना कर्नलला दिसतच नाही, त्यामुळे तिथे फार हुशार शेड्युलर नको.

रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) तेवढं बघा. मूळचं १२८ केबी असेल तर ते तुमच्या एका स्ट्रिपहूनही लहान आहे. एक जण व्हिडिओ सलग वाचत असेल तेव्हा एका वेळी एकच डिस्क कामाला लागते. दोन पूर्ण स्ट्राइप, म्हणजे ५१२० केबी, इथून सुरुवात करा. ब्लॉकडेव्हने सेट करणार असाल तर माप सेक्टरमध्ये असतं, १०,२४० लिहा. वाचणारे एकदम खूप असतील तर मात्र एवढं मोठं रीड-अहेड उलटतं, तेव्हा ते कमी करत या.

आणि तो सर्व्हर ताटकळण्याचा प्रकार. कर्नल लिखाण आधी रॅममध्ये साठवतो. मूळच्या मांडणीत उपलब्ध रॅमच्या १० टक्के साठल्यावर तो मागच्या मागे डिस्ककडे ढकलायला लागतो आणि २० टक्के झाले की लिहिणाऱ्यालाच थांबवतो. तुमच्या ६४ जीबीवर हे अंदाजे ६ आणि १२ जीबी होतात. व्हिडिओचे ६ जीबी या डिस्क काही सेकंदांत गिळतात. विखुरलेल्या थंबनेल्सचे आणि डेटाबेसच्या पानांचे ६ जीबी त्यांच्या घशात अडकतात. कार्डाची २ जीबी कॅश भरते, मग मागे रांग लागते, आणि त्या रांगेत तुमचं लॉगिनही उभं राहतं. या दोन मर्यादा बाइट्समध्ये द्या: डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी-बाइट्स १ जीबी करून बघा. बाइट्समधली मर्यादा दिली की टक्क्यांची आपोआप शून्य होते, घाबरू नका. यामुळे एकूण काम लवकर संपणार नाही, पण लिखाण लहान घासांनी आणि लवकर खाली जायला लागेल आणि सर्व्हर गोठल्यासारखा होणार नाही. तुमच्या वर्णनावरून सगळ्यात जास्त दिलासा याच बदलाने मिळेल असं मला वाटतं, आणि याला फॉरमॅटही करावं लागत नाही.

खरा इलाज मात्र डेटाबेस या डिस्कवरून उचलणं हा आहे. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, लिखाण विखुरलेलं, वर एफसिंक. रेड ६ ला याहून नावडतं गिऱ्हाईक नाही. दोन एसएसडींची रेड १ करून डेटाबेस तिकडे न्या, जागा असेल तर थंबनेल्सही न्या, आणि या १२ डिस्क व्हिडिओंना राहू द्या. तसं केलंत तर वरच्या बऱ्याच चर्चेची तुम्हाला गरजच उरणार नाही.

फॉरमॅट करणं शक्य नसेल तर एक्सएफएस-इन्फोमध्ये आकडे शून्य आहेत का बघा. शून्य असतील तर माउंट करताना ते बदलता येत नाहीत. शून्य नसून वेगळेच असतील तर माउंट करताना सयुनिट ५१२ आणि स्विड्थ ५१२० देऊन पाहता येतं. कर्नलने ते मान्य केले तर फाइल सिस्टीमच्या नोंदीत लिहिले जातात. पण अलोकेशन ग्रुपचा आकार किंवा आधीची मांडणी त्यांच्याशी जुळत नसेल तर तो नकार देतो, आणि मान्य केलं तरी फक्त नव्या फाइलींची मांडणी सुधारते. पुढे डिस्क वाढवून रेड रुंद केलीत तर स्विड्थही त्याप्रमाणे बदलायचं लक्षात ठेवा. दोन डिस्क वाढल्या तर ते ६१४४ होईल.

मोजताना काळजी घ्या. डीडी या साध्या नकल करणाऱ्या आज्ञेने शून्यं लिहून मिळालेला आकडा बहुतेक वेळा रॅमचा किंवा कार्डाच्या कॅशचा असतो. एफआयओ (डिस्कचा वेग मोजायचं साधन) वापरा, फाइल रॅम आणि कॅश दोन्हींपेक्षा बरीच मोठी घ्या, आणि सलग लिखाणाबरोबर ८ केबीचं विखुरलेलं लिखाण एफसिंकसह वेगळं मोजा. चाचणी कॅश भरून पुढे जाईल इतकी लांब चालवा, पहिल्या मिनिटाचे आकडे सगळ्यांचेच सुंदर असतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि रेड नुकतीच बनवली असेल तर कार्ड मागे पॅरिटी तयार करत असतं. इतक्या मोठ्या डिस्कवर ते काम दिवसेंदिवस चालू शकतं. ते संपायच्या आत मोजलेल्या आकड्यांवरून कुठलाच निर्णय घेऊ नका.

आधी डर्टी-बाइट्सचे दोन आकडे बदलून थंबनेल्स चालवा. तरीही अडकलं तर कार्डाची सध्याची कॅश पद्धत, बॅटरीची स्थिती, एक्सएफएस-इन्फोचं पूर्ण उत्तर आणि अडकलेल्या वेळची आयओस्टॅट (डिस्कवरच्या कामाचा तक्ता) पाठवा. आयओस्टॅटमध्ये सरासरी मागणीचा आकार आणि लिखाणाची प्रतीक्षा हे दोन रकाने दिसतील असं बघा, बाकीचं नसलं तरी चालेल.